पेपर कधी टाकायचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत नवी नोकरी जवळपास पक्की आहे आणि जुनीचा राजीनामा खिशात तयार आहे. पेपर टाकायची, म्हणजे राजीनामा द्यायची, तारीख प्रत्येकाने विचारली आहे. तारीख मला ठरवता येणार नाही, पण ती ठरवायची कसोटी सांगते. नव्या नोकरीचं अजून काही कुणाच्या होकारावर अडलेलं आहे का? असेल, तर थांबा. खालची उत्तरं याच कसोटीवर दिली आहेत.

प्रश्न: मुलाखतीच्या सगळ्या फेऱ्या झाल्या. एचआर मॅडमनी फोनवर अभिनंदन केलं, पगाराचा आकडाही सांगितला. ‘लेटर दोन-तीन दिवसांत येईल, तोवर तिकडे राजीनामा देऊन टाका, म्हणजे नोटीस लवकर सुरू होईल,’ असं त्या म्हणाल्या. त्यांचं ऐकू का?

उत्तर: नको. त्या फसवत असतील असं मी म्हणत नाही. बहुधा त्यांनाही मनापासून वाटतंय की लेटर येणारच. पण शेवटची मुलाखत आणि ऑफर लेटर यांच्या मध्ये कंपनीत बरंच काही व्हायचं असतं. त्या जागेच्या खर्चाला फायनान्सची मंजुरी लागते. तुमचा आकडा त्या पदाच्या पगाराच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला असेल तर वरच्या कुणाची तरी आणखी एक सही लागते. मध्येच वरून भरती थांबवण्याचा आदेश आला, तर पूर्ण झालेल्या मुलाखतीही वाया जातात. अशा वेळी मॅडम दिलगिरी व्यक्त करतील आणि तिकडे तुमच्या जागेसाठी माणूस शोधायला सुरुवात झालेली असेल.

त्यांना इतकंच कळवा: ‘लेटर हातात पडलं की त्याच दिवशी राजीनामा देतो. माझी नोटीस इतक्या दिवसांची आहे.’ आता लवकर रुजू करून घ्यायचं असेल तर धावपळ त्यांनी करायची.

लेटर आलं की आकडा पाहून लगेच सही करू नका. पत्र कोणत्या कंपनीच्या नावाने आहे ते आधी बघा. मुलाखत एका कंपनीत झालेली असते आणि पगारपत्रक भलत्याच कंत्राटदार कंपनीचं निघतं. मग पदाचं नाव, कामाचं ठिकाण, रुजू होण्याची तारीख, प्रोबेशन किती, त्या काळात नोटीस किती हे वाचा. पगारातला किती भाग दर महिन्याला नक्की मिळणार आणि किती कामगिरीवर अवलंबून, हे वेगळं लिहून काढा. जॉइनिंग बोनस असेल तर तो कोणत्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास परत करावा लागतो, तेही त्यातच सापडेल. पत्रावर ‘लेटर ऑफ इंटेंट’ असं लिहिलेलं असेल तर ते बहुधा इराद्याचंच पत्र असतं, त्यावर राजीनामा देऊ नये.

आणखी एक. लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगची फी, व्हेरिफिकेशनचा खर्च असं काही कुणी मागत असेल तर ती ऑफर खोटी आहे असंच धरा. ईमेल कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आलाय का ते पाहा. शंका आली तर कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून तिथे फोन करा, त्या ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको.

प्रश्न: ऑफर लेटर आलं आहे, पण त्यात ‘ही ऑफर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन समाधानकारक होण्यावर अवलंबून आहे’ असं वाक्य आहे. मी राजीनामा दिल्याशिवाय सध्याच्या कंपनीकडे चौकशी करता येणार नाही आणि चौकशी झाल्याशिवाय मला राजीनामा द्यायची भीती वाटते. यातून मार्ग काय?

उत्तर: या पेचात अनेक जण अडकतात. ते वाक्य बहुतेक ऑफर लेटर्समध्ये असतं, त्यामुळे नुसतं ते दिसलं म्हणून घाबरू नका. मात्र चौकशीचे तुकडे करता येतात, हे फार कमी लोक विचारतात. शिक्षण, ओळखपत्रं, पत्ता, आधीच्या नोकऱ्या हे सगळं तुमच्या सध्याच्या ऑफिसला कळू न देता तपासता येतं. नव्या कंपनीला लेखी विनंती करा: ‘एवढं आधी पूर्ण करा, झाल्याचं ईमेलवर कळवा, मी लगेच राजीनामा देईन. सध्याच्या नोकरीची चौकशी त्यानंतर करा.’ चौकशीच्या फॉर्ममध्ये सध्याच्या मालकाशी आत्ता संपर्क करू नये अशी चौकट असते, तिथे खूण करायला विसरू नका. वैद्यकीय तपासणी किंवा वर्क परमिटची अट असेल तर तीही आधी उरकून घ्या. परमिटच्या बाबतीत तर मी अजिबात सूट देणार नाही. मंजुरीचा कागद हातात नसताना राजीनामा देऊ नये.

काही कंपन्या रुजू झाल्यावरच तपासणी करतात आणि तो क्रम बदलायला तयार होत नाहीत. मग प्रश्न तुमच्याकडे येतो. तपासणीत काय निघू शकतं ते तुम्हाला सगळ्यांत आधी ठाऊक असतं. अर्जातल्या तारखा जुन्या रिलीव्हिंग लेटरशी, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याच्या पत्राशी, जुळतात का? मध्ये रिकामा गेलेला काळ झाकण्यासाठी एखादी नोकरी दोन महिने ताणली आहे का? पदाचं नाव जरा फुगवलं आहे का? असं काही असेल तर राजीनाम्याच्या आधी स्वतःहून सांगून टाका. अर्जातली चूक उमेदवाराने आधी सांगितली तर ती दुरुस्ती ठरते. तीच चौकशीत सापडली तर लपवाछपवी ठरते आणि ऑफर तेवढ्यावर जाऊ शकते. तुमचे कागद स्वच्छ असतील तर उरलेला धोका लहान आहे, तो पत्करायला माझी हरकत नाही.

प्रश्न: माझी नोटीस ९० दिवसांची आहे, नव्या कंपनीला मी ३० दिवसांत हवा आहे. ‘हो’ म्हणून टाकू आणि नंतर इकडे बघून घेऊ का?

उत्तर: ‘हो’ म्हणण्याआधी तुमचं नेमणूकपत्र उघडा. उरलेल्या दिवसांचा पगार भरून सुटका करून घेण्याची सोय त्यात आहे का? असली, तर ती तुमचा हक्क आहे की कंपनीच्या मर्जीवर आहे? बऱ्याच करारांत हा पर्याय कंपनीच्या हातात असतो. म्हणजे तुम्ही पैसे मोजायला तयार असलात तरी ते ‘पूर्ण नोटीस भरा’ म्हणू शकतात. शिल्लक रजा नोटिशीत धरता येतात का, तेही तिथेच कळेल.

मग नव्या कंपनीला दोन तारखा द्या. एक नक्कीची, म्हणजे पूर्ण नोटीस भरून येणारी. दुसरी शक्यतेची, लवकर सोडलं तरची. लेटरवर पहिलीच तारीख लिहून घ्या. ते दुसरीवर अडून बसले तर ‘नोटिशीचे पैसे तुम्ही भराल का?’ असं विचारा. अनेक कंपन्या भरतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. भरणार असतील तर तेही पत्रात यायला हवं.

परदेशी नोकरी करणाऱ्या दोघा वाचकांनी कायद्यात किती मुदत असते असं विचारलं आहे, त्यांनाही इथेच उत्तर देते. देशागणिक फरक खूप आहे. अमेरिकेत बहुतेक खासगी नोकऱ्यांत कायद्याने नोटीस बंधनकारक नाही. दोन आठवडे आधी सांगायची पद्धत आहे, तीही रिवाज म्हणून. ब्रिटनमध्ये महिनाभर नोकरी झाली की कर्मचाऱ्याला कायद्याने किमान १ आठवड्याची नोटीस द्यावी लागते, करारात जास्त असेल तर तेवढी. जर्मनीत साधारण नियम ४ आठवड्यांचा आहे आणि नोटीस महिन्याच्या १५ तारखेला किंवा महिनाअखेरीस संपावी लागते. त्यामुळे तिथे पत्र एका दिवसाने उशिरा पोचलं तर सुटका पंधरवड्याने लांबते. शिवाय तिथला राजीनामा कागदावर, शाईच्या सहीनेच द्यावा लागतो, ईमेलवरचा ग्राह्य धरत नाहीत. तुम्ही जिथे असाल तिथला कायदा आणि तुमचा करार, दोन्ही वाचल्याशिवाय कुणालाही रुजू व्हायची तारीख देऊ नका.

नोटीस अर्धी टाकून निघून जायचा विचार करत असाल तर रिलीव्हिंग लेटर अडकेल आणि नवी कंपनी तेच पत्र पहिल्या दिवशी मागेल.

प्रश्न: एक रिक्रूटर म्हणतो, ‘ताबडतोब रुजू होणारेच उमेदवार हवेत, तुम्ही आधी पेपर टाका, मग भरपूर कॉल येतील.’ खरंच येतात का?

उत्तर: येतात. नोटिशीवर असलेल्या माणसाला जास्त फोन येतात हे खरं आहे, कारण तो लवकर मोकळा होणार असतो. पण फोन येणं आणि नोकरी लागणं यांत मोठं अंतर आहे. ते अंतर चालताना पगार बंद असेल, तो त्या रिक्रूटरचा नव्हे, तुमचा. शिवाय नोटीस संपत आली की पगाराच्या बोलणीत तुमची बाजू दर आठवड्याला लंगडी होते, समोरच्यालाही तारीख माहीत असते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला असेल आणि सध्याची नोकरी तब्येतीवर उठली असेल, तर ऑफरशिवाय राजीनामा देणं समजू शकते. रिक्रूटरच्या सांगण्यावरून मात्र नको.

प्रश्न: पुढच्या महिन्यात वार्षिक बोनस मिळणार आहे. तोवर थांबू?

उत्तर: थांबा, पण आधी बोनसची अट वाचा. पुष्कळ ठिकाणी बोनस जमा होण्याच्या दिवशी माणूस नोकरीत असावा लागतो आणि नोटिशीवर नसावा लागतो. दुसरी अट लोकांच्या नजरेतून सुटते. पैसे खात्यात दिसल्यावर राजीनामा द्या, ‘बोनस जाहीर झाला’ एवढ्यावर नको. शेअर्स मिळत असतील तर त्यांचंही तसंच. पुढचा हप्ता तुमच्या नावावर कधी होतो ती तारीख बघा. आठवड्याभरासाठी वर्षभराचे शेअर्स सोडणारे लोक असतात, आणि नवी कंपनी सहसा एक आठवडा थांबायला नाही म्हणत नाही.

प्रश्न: एका कंपनीची ऑफर हातात आहे, पण मला खरी हवी ती दुसऱ्या कंपनीची. तिकडचा निकाल दोन आठवड्यांनी लागेल. पहिली स्वीकारून राजीनामा देऊ आणि दुसरी आली तर पहिलीला नाही म्हणू?

उत्तर: आधी दुसऱ्या कंपनीला सरळ सांगा: ‘माझ्याकडे लेखी ऑफर आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे.’ खरोखर रस असेल तर ते निकाल अलीकडे आणतात. नाही आणला, तर तोही निकालच समजा. पहिल्या कंपनीकडे आठवडाभराची मुदत मागायला संकोच करू नका, उत्तर देण्याआधी सगळेच मागतात.

स्वीकारून नंतर नाकारणं मला आवडत नाही, पण पाप म्हणून मी त्याकडे बघत नाही. कंपन्याही ऑफर मागे घेतात. फक्त एकाच क्षेत्रातले एचआर एकमेकांना ओळखतात, आणि नाकारायची वेळ आलीच तर रुजू होण्याच्या आदल्या रात्री नाही, कळल्या दिवशी फोन करून सांगायचं. राजीनामा मात्र पहिल्या ऑफरवर तेव्हाच द्या, जेव्हा दुसरी आली नाही तरी पहिलीत तुम्ही खुशीने जाल.

याच पत्रात शेवटी विचारलं आहे की ऑफर दाखवून सध्याच्या साहेबांकडून पगार वाढवून घ्यावा का. ते ‘नाही’ म्हणाले तर निघून जायची तयारी असेल तरच. धमकी देऊन तिथेच बसलेल्या माणसाला पुढचं प्रमोशन जड जातं.

प्रश्न: राजीनामा दिला, स्वीकारला गेला, नोटीसही अर्धी झाली. आता नवी कंपनी म्हणते की प्रोजेक्ट रद्द झाला, ऑफर मागे घेत आहोत. मी काय करू?

उत्तर: आज दोन गोष्टी करा आणि दोन्ही लेखी करा.

पहिली, सध्याच्या साहेबांना भेटा. काय घडलं ते न लपवता सांगा आणि राजीनामा मागे घ्यायची विनंती ईमेलवर द्या. खासगी कंपनीत एकदा स्वीकारलेला राजीनामा परत करणं साधारणपणे त्यांच्या मर्जीवर असतं. पण तुमच्या जागी अजून कुणी नेमलेलं नसेल, तर पुन्हा माणूस शोधायचा आणि शिकवायचा खर्च त्यांचाही वाचतो. हा मुद्दा त्यांना आवर्जून सांगा. पूर्ण माघार शक्य नसेल तर नोटीस महिनाभर वाढवून मागा.

दुसरी, नव्या कंपनीकडून ऑफर मागे घेतल्याचं कारणासह पत्र मागा. पुढच्या मुलाखतीत ‘मध्येच का सोडलं?’ याचं उत्तर म्हणून ते उपयोगी पडेल. भरपाईही मागून बघा. तुमच्या ऑफरमधल्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या होत्या आणि तुम्ही ती लेखी स्वीकारली होती, तर तो करार झाला असं म्हणायला जागा आहे. वकिलाला कागद दाखवण्यात गैर नाही. पण अपेक्षा बेताची ठेवा. ब्रिटनमध्येही अशा दाव्यात बहुधा नोटिशीच्या काळाच्या पगाराइतकीच भरपाई पदरी पडते. वर्षभराचा पगार मिळेल या आशेवर शोध थांबवू नका. ज्या कंपन्यांना गेल्या महिन्यात तुम्ही ‘आता नको’ म्हणालात, त्यांना पहिला फोन लावा.

प्रश्न: राजीनामा आधी तोंडी सांगू की ईमेल करू? आणि वार कोणता?

उत्तर: वार कोणताही. आधी साहेबांना समोर बसून किंवा फोनवर सांगा आणि त्याच दिवशी, तासाभरात ईमेल टाका. नोटिशीचे दिवस सहसा लेखी राजीनाम्यापासून मोजतात, ‘मी तुम्हाला सोमवारी बोललो होतो’ याला किंमत नसते. ईमेलमध्ये तीन-चार ओळी पुरतात. राजीनामा देत आहे, नोटीस आजपासून, करारानुसार शेवटचा दिवस अमुक, काम नीट सोपवून जाईन. तक्रारी त्यात नकोत.

त्या ईमेलच्या आधी पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, बढतीची पत्रं, कराचे कागद ही तुमची स्वतःची कागदपत्रं उतरवून घ्या. काही कंपन्या राजीनामा मिळाल्या क्षणी लॉगिन बंद करून माणसाला घरी बसवतात. कंपनीच्या फायली, ग्राहकांच्या याद्या यांना हात लावू नका. आणि ईमेलला ‘मिळाला’ असं लेखी उत्तर दोन दिवसांत आलं नाही, तर एचआरला कॉपी ठेवून तोच ईमेल पुन्हा पाठवा.