सहाऐवजी चार सिलिंडरची अकॉर्ड घेतली तर आपण खाली उतरतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ओहायोत कोलंबसला राहता, घरी २०१० ची होंडा अकॉर्ड व्ही-सिक्स (सहा सिलिंडरची) आहे, ती आता थकली. जुन्या बाजारात एकीकडे २०१७ ची व्ही-सिक्स दिसतेय आणि दुसरीकडे २०१८ नंतरची, नव्या बांधणीची, जिच्यात फक्त चार सिलिंडर मिळतात. तुम्हाला नवी आवडलीय, पण दिरांचं म्हणणं पडलं की सहाची सोडून चारची घेणं म्हणजे पैसे मोजून खाली उतरणं.

मी मिशिगनमध्ये इंजिनांच्या चाचणीच्या कामात आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, आणि थोडं दिरांच्या बाजूनंही जाईल.

आधी तुमच्या सध्याच्याच गाडीबद्दल. हायवेवर ताशी साठ-पासष्ट मैलांच्या वेगानं सपाट रस्त्यावर चालला असाल तेव्हा समोरच्या काट्यांपाशी हिरवा ‘इको’ दिवा लागतो ना? बहुतेकांना वाटतं, गाडी आपल्याला शाबासकी देतेय. खरं तर तो दिवा सांगत असतो की इंजिनानं काही सिलिंडर बंद केलेत. २०१० च्या ऑटोमॅटिक व्ही-सिक्समध्ये इंजिन गरजेप्रमाणे सहावर, चारवर किंवा तीनवर चालतं. बंद सिलिंडरांच्या झडपा मिटलेल्या राहतात, पेट्रोल जात नाही, पिस्टन नुसते वरखाली होत राहतात. तीनवर चालणारं व्ही-सिक्स थरथरतं, म्हणून इंजिनाखालचे माउंट (म्हणजे त्याचे आधार) विजेवर हलून ती थरथर मारतात आणि आतले स्पीकर उलटा आवाज सोडून घुमणं दाबतात. एवढा खटाटोप कशासाठी, तर मोठं इंजिन रिकामं ओढत बसू नये म्हणून. दिरांना हे जरूर सांगा: तुम्ही गेली कितीतरी वर्षं हायवेवर तीन सिलिंडरची गाडी चालवताय.

नेमकी इथूनच सगळी गोष्ट सुरू होते. साडेतीन लिटरच्या इंजिनाचे २७१ घोडे (तुमच्या गाडीत तेवढे आहेत) रोजच्या वापरात क्वचितच लागतात. पासष्टच्या वेगानं नुसतं पुढे जात राहायला त्यातले थोडेच पुरतात. बाकीचे रॅम्पवरून हायवेला लागताना आणि ट्रकला मागे टाकताना लागतात. मग कंपन्यांसमोर दोन रस्ते होते: मोठं इंजिन ठेवून त्याचा अर्धा भाग झोपवायचा, नाहीतर लहान इंजिन घेऊन गरज पडेल तेव्हा त्याला जास्त हवा भरवायची. होंडानं या गाडीत आधी पहिला रस्ता धरला आणि २०१८ मध्ये दुसरा.

ही जास्त हवा भरवणारं यंत्र म्हणजे टर्बो, आणि त्याचं काम तसं सोपं आहे. बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पातं फिरतं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं पातं असतं आणि ते हवा दाबून इंजिनात कोंबतं. चुलीला फुंकणीनं फुंकर घातली की तेवढ्याच लाकडांत जाळ मोठा होतो, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की इथं हवेबरोबर पेट्रोलही वाढतं. ही गोष्ट विसरू नका, मायलेजच्या वेळी कामाला येईल.

आता २०१७ आणि २०१८ समोरासमोर ठेवू. जुन्या व्ही-सिक्सची ताकद २७८ अश्वशक्ती, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५२ पाउंड-फूट, पण तो टॉर्क पूर्ण मिळायला इंजिन मिनिटाला ४९०० फेऱ्यांपर्यंत चढवावं लागतं. नव्या दोन लिटर टर्बोची ताकद २५२ अश्वशक्ती, म्हणजे कागदावर कमीच. टॉर्क मात्र २७३ पाउंड-फूट, आणि तो १५०० फेऱ्यांपासूनच हजर. रोजच्या गाडीत हा आकडा बघायचा. हे इंजिन होंडाच्याच सिव्हिक टाइप आर या मस्तीखोर गाडीच्या इंजिनाचं भावंड. फक्त अकॉर्डसाठी टर्बो लहान केला, म्हणजे तो लवकर जागा होतो, आणि साध्या ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालेल असं केलं.

दोन्ही गाड्या मी एकाच रॅम्पवर चालवून पाहिल्यात. व्ही-सिक्सला पॅडल दाबलं की तिचा सहा गिअरचा गिअरबॉक्स क्षणभर विचार करतो, दोन गिअर खाली येतो आणि मग इंजिन गातं. हो, गातंच. पाच हजारांच्या वर त्या आवाजाला तोड नाही आणि दिरांना तोच हवा असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. टर्बोत पाय अर्धा दाबला की गाडी निघते, आवाज फारसा चढत नाही, दहा गिअरपैकी कुठला लागलाय याचा पत्ताही लागत नाही. रॅम्पच्या टोकाला दोघींचा वेग साधारण तोच. एकीनं ते करताना गाणं म्हटलं, दुसरीनं मुकाट्यानं उरकलं.

मऊपणात सहा सिलिंडर सरस, हे मान्य करायलाच हवं. सहात क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दर १२० अंशांना एक स्फोट होतो, चारात दर १८० अंशांना. शिवाय चार सिलिंडर एका रांगेत असले की एक खोट कायमची राहते. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणून वरकरणी हिशेब जुळतो. पण पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या तिरपेपणामुळे पिस्टनला वरच्या टोकाला बसणारा झटका खालच्या टोकापेक्षा मोठा असतो. तो उरलेला फरक एका फेरीत दोनदा इंजिनाला हलवतो. इंजिन जितकं मोठं तितका तो हिसका मोठा, म्हणून मोठ्या चार सिलिंडरांच्या इंजिनांत दुप्पट वेगानं उलटसुलट फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट घालून तो मारतात. पुष्कळसा मरतो. सिग्नलला उभं असताना मांडीवरच्या चहाच्या कपात तुम्हाला काही दिसणार नाही, पण थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिला मिनिटभर बोनेटखालून जरा खरखरीत आवाज येतो. व्ही-सिक्स त्या वेळीही मांजरासारखी गप्प.

मग व्ही-सिक्स बंद का केली? एक कारण सरकारी. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेनं २०१७ ते २०२५ या मॉडेल-वर्षांसाठी मायलेजचे आणि धुराचे कडक नियम पक्के केले. हे नियम एकेका गाडीला लागत नव्हते, कंपनीच्या सगळ्या विक्रीच्या सरासरीला लागत होते. म्हणून लाखोंनी खपणाऱ्या अकॉर्ड, कॅमरीसारख्या गाड्यांत गॅलनमागे दोन मैल वाढले तरी कंपनीचा ताळेबंद हलायचा. दुसरं कारण जगाच्या बाजाराचं: चीनमध्ये आणि जपानमध्ये गाडीवरचा कर इंजिनाच्या लिटरवर ठरतो, साडेतीन लिटरला तिथं कोण विचारतो? चांगलं दोन लिटरचं इंजिन एकदा बनवलं की ते सगळीकडे जातं. तिसरं कारण निव्वळ जागेचं आणि पैशाचं आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. व्ही-सिक्सला हेड (सिलिंडरांवरची झाकणं) दोन, धुराचे रस्ते दोन, धूर साफ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन, आणि सगळं वजन पुढच्या चाकांवर. चाराला सगळं एकेक.

होंडा यात पहिली नव्हती. ह्युंदाईनं २०११ च्या सोनाटातच सहा सिलिंडर काढून टाकले आणि वर २७४ अश्वशक्तीचा दोन लिटर टर्बो दिला. शेव्हरोलेची मालिबू २०१३ ला त्याच वाटेनं गेली. टोयोटानं कॅमरीत व्ही-सिक्स २०२४ पर्यंत टिकवली आणि २०२५ पासून कॅमरी फक्त अडीच लिटरच्या चार सिलिंडरवर, हायब्रिड होऊन आली. (अकॉर्डची व्ही-सिक्स आणि पुढे हायब्रिडही काही वर्षं भारतात मिळायची. दोन्ही घेणारे मोजकेच होते.)

मायलेजचं मात्र नीट ऐका, कारण इथं जाहिरात आणि व्यवहार वेगळे पडतात. सरकारी आकड्यांत २०१७ ची व्ही-सिक्स गॅलनला गावात २१ मैल, हायवेवर ३०. २०१८ ची दोन लिटर टर्बो मॉडेलप्रमाणे गावात २२ किंवा २३, हायवेवर ३२ ते ३४. म्हणजे इतकी उलथापालथ करून गॅलनमागे एक-दोन, फार तर चार मैल. आणि पाय जड असेल तर तेही जातात, कारण टर्बो हवा कोंबतो तेव्हा पेट्रोलही तितकंच ओततो. खरी बचत हवी असेल तर दोन लिटरकडे बघूच नका. याच नव्या अकॉर्डची दीड लिटर टर्बो गावात ३० आणि हायवेवर ३८ देते, हायब्रिड दोन्हीकडे ४७.

पण कोलंबसच्या थंडीत मी दीड लिटरपासून तुम्हाला जरा लांब ठेवीन. तिच्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन थंड असताना त्यातलं थोडं भिंतींवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळतं. लांबचा प्रवास झाला की ऑइल तापून ते उडून जातं. शाळा, दुकान, परत घर अशा छोट्या फेऱ्यांत उडायला वेळच मिळत नाही. याच दीड लिटरच्या इंजिनावरून होंडाच्या सीआर-व्हीला चीनमध्ये २०१८ मध्ये मोठा त्रास झाला आणि अमेरिकेत काही सीआर-व्ही आणि सिव्हिकची वॉरंटी कंपनीला वाढवून द्यावी लागली. तुम्ही लिहिलंय की तुमचं ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर आहे. हा वापर त्या इंजिनाला मानवणारा नाही. तरी एखादी स्वस्तात मिळत असेल तर बघायला जाल तेव्हा डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, पातळी वरच्या खुणेच्या वर चढलीय का पाहा आणि नाकाशी धरून वास घ्या. पेट्रोल पंपासारखा वास आला तर नमस्कार करून परत या.

आता दिरांच्या बाजूचा मुद्दा, टिकाऊपणाचा. व्ही-सिक्सला टर्बो नाही, पेट्रोल जुन्या पद्धतीनं झडपांच्या मागे फवारलं जातं त्यामुळे झडपा आपोआप धुतल्या जातात. टर्बोच्या थेट फवारणीत झडपांवर काजळी धरू शकते. व्ही-सिक्सचे भाग कमी तापतात, तिचा गिअरबॉक्स साधा. दोन लाख मैल चाललेल्या व्ही-सिक्स मी पाहिल्यात. पण तिला टायमिंग बेल्ट आहे, झडपांची वेळ सांभाळणारा, रबराचा, आणि साधारण लाखभर मैलांच्या आसपास तो बदलावाच लागतो. तुटला तर पिस्टन झडपांवर आदळतात आणि इंजिन कामातून जातं.

हे काम कसं असतं ते एकदा गॅरेजमध्ये उभं राहून बघा. पुढचं उजवं चाक काढतात, चाकाच्या कमानीतून क्रँकच्या पुलीचा एकच बोल्ट दिसतो, आणि तो सुटत नाही. मेकॅनिक पुलीत षट्‌कोनी पकड अडकवून तिचा दांडा जमिनीला टेकवतो, दुसऱ्या हातातल्या पान्याला जवळजवळ हातभर लांब पाइप लावतो, आणि तरी घाम निघतो. तो सुटला की मग बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, पुल्या आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप सगळं एकदमच बदलायचं, कारण परत एवढं उघडायचं म्हणजे मजुरी परत तेवढीच. बिल हजार डॉलरच्या आसपास किंवा वर सहज जातं. चार सिलिंडरच्या दोन्ही टर्बो इंजिनांत बेल्टऐवजी साखळी आहे. ऑइल वेळेवर बदललंत तर तिच्याकडे बघावं लागत नाही.

तेव्हा २०१७ ची व्ही-सिक्स दाखवायला नेतील तेव्हा पहिला प्रश्न बेल्टचा विचारा आणि पावती मागा. तोंडी ‘झालंय’ चालणार नाही. पावती नसेल तर ते पैसे किमतीतून वजा करून घ्या.

आणि माझं मत विचारलंत म्हणून: गाडी तुम्हीच रोज चालवणार असाल, फेऱ्या छोट्या आणि अधूनमधून शिकागोची लांब वारी असेल, तर दोन लिटरची ईएक्स-एल किंवा टूरिंग मॉडेल घ्या. गाडीची बांधणीच नवी आहे. जुनीपेक्षा मॉडेलप्रमाणे ११० ते १७६ पाउंड हलकी, वळणावर पुढचं नाक जड वाटत नाही, मागे सासूसासऱ्यांना पाय पसरायला जास्त जागा. मात्र ऑइल बदलण्यात चालढकल करायची नाही. टर्बोचा दांडा त्याच तेलावर फिरतो. पेट्रोलचाच विचार असेल तर त्याच बांधणीची हायब्रिड. लक्षात घ्या, २०२३ च्या पुढच्या पिढीत होंडानं ही दोन लिटर टर्बोही काढून टाकली आणि वरच्या सगळ्या मॉडेलांत हायब्रिड दिली, त्यामुळे ही हवी असेल तर २०१८ ते २०२२ मध्येच शोधावी लागेल.

दिरांना चाचणीला सोबत न्या. त्यांना आकडे आधी सांगू नका, बोनेट उघडू नका. रॅम्पवर चालवायला द्या आणि मग विचारा किती सिलिंडर वाटले. त्यांना आवाज आवडला नाही तर त्यांनी २०१७ ची घ्यावी, बेल्टची पावती बघून.