शब्दचर्चा: 'पिकल्ड फिनिश'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: बाथरूममधल्या जुन्या लाकडी कपाटाला 'पिकल्ड फिनिश' देण्याची कृती मराठीत लिहायची आहे. 'लोणच्याचे पॉलिश' म्हटले तर चालेल का?

नाही चालणार. इंग्रजी 'पिकल' म्हणजे मुळात मिठाचे किंवा आंबट पाणी. धातू आम्लात बुडवून त्यावरचा गंज काढतात, त्यालाही 'पिकलिंग'च म्हणतात. लाकडाच्या बाबतीत मात्र अर्थ असा: पातळ पांढरा रंग लावायचा आणि ओला असतानाच पुसून घ्यायचा. पांढरेपणा लाकडाच्या नैसर्गिक रेषांत आणि छिद्रांत राहतो, लाकूड दिसत राहते. ओकच्या लाकडाला पूर्वी चुना चोळत, त्यावरून आलेले 'लाइम्ड' हे याचेच भावंड.

मग 'चुना लावलेले' म्हणावे? 'चुना लावणे' म्हणजे फसवणे, तेव्हा तेही बाद. 'सफेदी' म्हटले की भिंत झाकून टाकणारा थर डोळ्यांपुढे येतो. 'मुरवलेले' सर्वांत मोहात पाडणारे, कारण रंग खरोखरच लाकडात मुरतो. पण बाथरूममधल्या कपाटाविषयी 'मुरणे' म्हटले की वाचकाला पाणीच मुरलेले दिसणार! माझा कौल 'दुधी पॉलिश'ला. 'दुधी काच' सर्वांना ठाऊक आहे; पांढरट, पण पूर्ण न झाकणारे, हा अर्थ त्या 'दुधी'त तयारच आहे.

नावाइतकेच क्रियापदही जपा. 'रंगवा' लिहिले की वाचक रंग लावून थांबेल आणि कपाट नुसते पांढरे होईल. इथला कळीचा शब्द 'पुसून घ्या'. पांढरा वॉटर-बेस्ड रंग आणि पाणी समप्रमाणात मिसळा, एका वेळी एकच दार घ्या, कुंचल्याने रेषांच्या दिशेने लावा आणि दोन-तीन मिनिटांत फडक्याने पुसा. आधी रेषांना आडवे पुसा, म्हणजे रंग छिद्रांत दाबला जातो. शेवटचा हात रेषांच्या दिशेने. उशीर झाला तर फडके रंगाला चिकटून ओरखडे उमटतात.

त्याआधीच्या तयारीसाठी 'घासा' एवढे पुरत नाही, 'जुने रोगण पूर्ण काढा' असे लिहा. रोगण राहिले तिथे रंग शिरत नाही आणि डाग दिसतो. मुठी आणि बिजागऱ्या काढून १२० आणि मग १५० नंबरचा पॉलिश पेपर मारा. फार गुळगुळीत केले की रंग धरत नाही. व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, असेल तर हात हलका, तो थर अगदी पातळ असतो. ओकची छिद्रे उघडायला पितळी ब्रश घ्या. लोखंडी ब्रशचे किंवा स्टील वूलचे कण लाकडात राहिले, की ओकमधले टॅनिन हे तुरट द्रव्य आणि पाणी यांच्या संगतीने काळे-निळे डाग पडतात. पाइन डागाळत रंग पितो, म्हणून त्याला आधी पातळ सीलरचा (छिद्रे थोडी बुजवणाऱ्या अस्तराचा) एक हात द्या. एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला) रेषाच नसतात. त्यावर हे काम होत नाही, आणि कृतीत तसे स्पष्ट लिहावे.

रंग रात्रभर वाळला की वर वॉटर-बेस्ड पॉलीयुरेथेनचे, म्हणजे पारदर्शक संरक्षक रोगणाचे, तीन हात द्या. पुढचा हात देण्याआधी ३२० चा पेपर हलकाच फिरवा, पहिल्या हातावर तर जपूनच, नाहीतर कडांवरचा पांढरा रंग निघतो. तेलाचे रोगण टाळा: ते पिवळसर असते, काळाबरोबर आणखी पिवळे पडते आणि 'दुधी' हे नावच खोटे ठरते. दारांच्या खालच्या कडा, मागची बाजू आणि आतले फळेही सोडू नका. लाकडाच्या कापलेल्या टोकांतून ओल सर्वांत लवकर आत जाते आणि फुगवटा तिथूनच सुरू होतो.

वाक्यात 'दुधी पॉलिश केलेले कपाट' असे लिहा. 'दुधी रंगाचे कपाट' नको. त्यात रेषा दिसतात की नाही, हे कळत नाही.