शेठ बाहेरगावी, बिल कुठे?

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) गास्केट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी हिशेब बघते. आता उघराणी, म्हणजे थकलेल्या बिलांची वसुलीही माझ्याकडे आलीये. फोन केला की ‘बेन, शेठ बाहेरगावी आहेत’ किंवा ‘पुढच्या आठवड्यात बघू’. पैसे मागायची लाज वाटते. जोर लावला तर पार्टी थेट आमच्या मालकांना फोन करते आणि तेच म्हणतात, ‘राहू द्या, सावकाश द्या.’ काय करू?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, मीही मकरपुऱ्यातच खातेवह्या सांभाळत निवृत्त झाले, त्यामुळे हे बाहेरगावी गेलेले शेठ माझ्या चांगल्या ओळखीचे. त्यांच्या मागे लागू नका. ‘पैसे कधी देता?’ असं विचारलं की ‘बघू’ हेच ऐकायला मिळणार. ‘आमचं बिल सध्या कोणाकडे आहे?’ असं विचारा. पुष्कळदा ते शेठपर्यंत गेलेलंच नसतं. पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर चुकलेला असतो, दर जुळत नाही, नाहीतर माल मिळाल्याची नोंद स्टोअरमधून अकाउंट्सला पोचलेली नसते. स्टोअरच्या माणसाचा नंबर मिळवा, शेठपेक्षा तोच जास्त कामाचा. आणि कागद कुठे अडकलाय हे विचारताना कसली आलीय लाज?

फोन ठेवला की लगेच दोन ओळींचा मेल टाका : कोणाशी बोलणं झालं, कोणती तारीख दिली. मार्चअखेर खातेउतारा पाठवून बाकीवर सही-शिक्का मागा. त्याचा कंटाळा नको. मालाच्या पैशांसाठी दावा करायची मुदत तीन वर्षांची. ती संपायच्या आत सहीची लेखी कबुली मिळाली, तर मुदत तिथून नव्याने सुरू होते.

तुमचा कारखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असेल आणि सरकारी ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर तो नंबर बिलावर छापाच. अशा उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे पैसे द्यायची मुदत लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पण व्याजाची भाषा पहिल्याच फोनला काढू नका, ऑर्डर दुसरीकडे जाते. जीएसटीची आठवण बरी : बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्यांनी घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावं लागतं. शिवाय ती ४५ किंवा १५ दिवसांची मुदत उलटून मार्चअखेर बाकी राहिली, तर आयकरात त्या खरेदीचा खर्च त्या वर्षी धरता येत नाही. शेठला नाही, त्यांच्या अकाउंटंटला हे सांगा. शेठच्या कानावर घालायचं काम तो करतो.

राहिले तुमचे मालक. खरी गाठ तिथेच आहे. दर सोमवारी तीस, साठ, नव्वद दिवसांवरच्या बाक्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवा आणि प्रत्येक नावापुढे त्यांच्याच हाताने लिहून घ्या : ‘मागा’, ‘थांबा’ की ‘माल बंद’. जुनं नातं, पुढची ऑर्डर, हे त्यांनी तोलायचं. ते ओझं तुमचं नाही. ‘थांबा’ असेल तिथे फोन करू नका. ‘मागा’ लिहिलेल्या पार्टीने मात्र मालकांना गाठलं, तर त्यांनी एवढंच म्हणायचं : ‘अकाउंट्सच्या बेनशी बोला.’ हे यादी देतानाच ठरवून घ्या. आमच्या शेठना ते वाक्य जमायला बरेच दिवस लागले, पण जमलं.