शिष्यवृत्तीवर शिकताना एनएसएसला वेळ द्यावा का?

तुमचा प्रश्न असा, की वसतिगृहात राहून शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याला स्वतःलाच मदत लागते, मग त्याने एनएसएसला, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव का द्यावं? मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून रत्नागिरीला आलो आणि शासकीय वसतिगृहात राहून शिकलो. मी सांगेन, नाव द्याच.

वेळेचं म्हणाल तर माझ्या वेळी दोन वर्षांत 240 तास भरावे लागत, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. संध्याकाळी कुठे कामाला जात असाल तर कार्यक्रम अधिकारी सरांना आधीच सांगा. मला रविवारची कामं मिळाली.

आमच्या शिबिरात पाणी अडवायला वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची, पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, आडव्या रचायच्या आणि फटी मातीने बुजवायच्या. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण उतारावरून आणि जांभ्या दगडातून निघून जातो. शिमगा सरला की विहिरी तळ गाठतात. माझी आई आयुष्यभर हंडे घेऊन घाटी चढली, मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. गोण्यांचे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, हे शहरातल्या मुलांना मी दाखवलं. तोवर कॉलेजात मी अर्ज हातात धरून रांगेत उभा राहणारा मुलगा होतो. त्या दिवशी लोक मला विचारत होते.

दुसरं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. पहिल्या वर्षी माझा महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज परत आला होता, कारण उत्पन्नाचा दाखला जुना निघाला. मेसचे पैसे उसने घेऊन मी ते महिने काढले. पुढच्या वर्षी आम्ही तिघं स्वयंसेवक नव्या मुलांचे अर्ज भरायला बसलो. दाखल्याची मुदत, आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग, बँक खातं आधारला जोडलंय का, सगळं तपासायचो. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि मंजूर झालेले पैसेही अडकतात. ज्याचा अर्ज एकदा परत आलाय, त्याच्याइतकं हे कुणाला कळणार?

एनएसएसमुळे मिळणाऱ्या सवलतीच्या दहा गुणांसाठी मात्र येऊ नका. तशी मुलं शिबिराच्या तिसऱ्या दिवशी घरी पळतात.

एका युनिटला साधारण शंभर जागा असतात. नोंदणी लागली की पहिल्याच आठवड्यात जा.