अंगावर पाजू का?

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं तर एचआयव्ही निघाला. नवऱ्याचाही रिपोर्ट तसाच. दोघांनाही रोजची गोळी सुरू झाली. ती बाळाला बाधेल का? अंगावर पाजता येईल का? सातव्या महिन्यात माहेरी जायचं आहे. आईला काहीच माहीत नाही.
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, गोळी एक दिवसही चुकवू नका. बाळाला तिचाच आधार आहे. औषध न घेतलेल्या शंभर आयांपैकी १५ ते ४५ जणींच्या बाळांना लागण होते. वेळेत सुरू करून नेमाने घेतलं तर पाचांहून कमी. पण लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांसोबत उपाशीपोटी घेतली तर तिच्यातल्या डोल्युटेग्राविर या औषधाचा असर कमी होतो. लोह आणि कॅल्शियम दिवसा जेवणानंतर वेगवेगळ्या वेळी घ्या, ही रात्री झोपताना. आठव्या महिन्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते तपासा. बाळंतपण दवाखान्यातच करा. नुसत्या एचआयव्हीसाठी सिझर लागत नाही.

अंगावर जरूर पाजा, मात्र सहा महिने फक्त तेच. सोळा वर्षं समुपदेशन करतेय, बायका अडखळतात त्या इथंच. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की कुणीतरी म्हणतंच, "लेकराचा गळा सुकला असन वं, दोन चमचे पाणी पाज." नाही पाजायचं. आईच्या दुधात पाणी भरपूर असतं. घुटी, मध, गाईचं दूध यांनी कोवळ्या आतड्याला इजा होऊ शकते आणि तिथून विषाणूला वाट मिळते. डॉक्टरांनी दिलेलं औषध तेवढं चालतं.

बाळाला जन्मल्याबरोबर लागण टाळण्यासाठी नेव्हिरॅपिनचं सिरप सुरू होईल, किमान सहा आठवडे. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेतील. ते निगेटिव्ह आले तरी पुढच्या तपासण्या सोडू नका. शेवटची अठरा महिन्यांनी असते.

माहेरी निघण्याआधी एआरटी केंद्रावर, म्हणजे ही गोळी देणाऱ्या केंद्रावर सांगा. पुरेशा गोळ्या देतील किंवा तिकडच्या केंद्राला जोडून देतील.

आईला सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. तुमच्या संमतीशिवाय दवाखान्यातल्या कुणी ते बाहेर सांगायला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. मला विचाराल तर सांगा. घुटी उगाळायला तीच बसणार आहे ना? एकटीने बोलवत नसेल तर तिला घेऊन समुपदेशकाकडे जा, समुपदेशक तिला तुमच्यासमोर नीट समजावून सांगेल.