काळा एंजल की दुसराच कोणी?

प्रश्न : ताई, आमच्याकडे खाऱ्या पाण्याची ३ फुटी टाकी आहे, साधारण १५० लिटरची. दोन क्लाउनफिश वर्षभर ठणठणीत आहेत. परवा कोल्हापूरच्या एका दुकानात चार इंची काळा मासा पाहिला. पानासारखा चपटा, कडेने केशरी रेघ, वरचे-खालचे पंख अंगापेक्षाही लांब. दुकानदार त्याला ‘ब्लॅक एंजल’ म्हणतो, १८०० रुपये सांगतो. तीन फोटो पाठवते आहे. घेऊ का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नको. आगाऊ पैसे दिले असतील तर त्यांच्यावर पाणी सोडा, पण मासा घरी आणू नका.

तुमचा बाजूने काढलेला फोटो मी मोठा करून पाहिला. समुद्री एंजल कुठल्याही जातीचा असो, त्याच्या कल्ल्याच्या झाकणाला खालच्या कोपऱ्यात मागे वळलेला काटा असतो. हातजाळीत तो अडकतो तेही बऱ्याचदा या काट्यामुळेच. तुमच्या माशाचा गाल अगदी गुळगुळीत आहे. बाजारात कोळीण ‘ताजो आसा गो’ म्हणाली, तरी आपण बांगड्याचा कल्ला उचलून बघतोच ना? मग १८०० रुपये मोजताना दुकानदाराच्या शब्दावर का जायचं?

हे बॅटफिशचं पिल्लू आहे, प्लॅटॅक्स पिनाटस. मूळचा पश्चिम प्रशांत महासागरातला. लहानपणी तो एका विषारी चपट्या कृमीसारखा दिसतो, म्हणून मोठे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत असं मानतात. मोठा झाला की केशरी रेघ जाते, अंग वाटोळं नि रुपेरी-राखाडी होतं आणि लांबी दीड फुटाच्या आसपास जाते. तुमच्या टाकीत त्याला धड वळताही येणार नाही. पण तेवढी वेळ बहुधा येणारच नाही, कारण पकडून आणलेली याची पिल्लं बरेचदा खाण्याला तोंडच लावत नाहीत. काचेपलीकडे रूपवान मासा उपाशी मरताना बघणं फार वाईट.

माझंही एकदा हसं झालंय. ‘क्लीनर’ म्हणून निळ्या अंगावर काळा पट्टा असलेला मासा आणला. खरे क्लीनर मासे दुसऱ्यांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात, म्हणून मी खूश. चार दिवसांत टाकीतल्या माझ्या टँग माशाच्या शेपटीचे लचके निघालेले! खऱ्या क्लीनरचं तोंड थेट नाकाच्या टोकाला असतं. माझ्या पाहुण्याचं होतं खाली, हनुवटीशी. तो क्लीनरचं सोंग घेणारा ब्लेनी नावाचा मासा होता, रंग हुबेहूब, धंदा उलटा. तेव्हापासून रंग मी शेवटी बघते, आधी तोंड आणि गाल. (आमच्या आईचा प्रश्न मात्र प्रत्येक माशाला एकच : तळून कसा लागतो?)

दुकानात शास्त्रीय नाव विचारा. ते माहीत नसेल तर बाजूने स्वच्छ फोटो काढा आणि घरी जाऊन नाव शोधा. नाव सापडलं की त्याच जातीच्या पूर्ण वाढलेल्या माशाचा फोटो शोधायचा. एम्परर एंजलचं पिल्लू गडद निळं, अंगावर पांढरी वर्तुळं. मोठेपणी तोच पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा नि सव्वा फुटाचा होतो, ही दोन रूपं एकाची आहेत हे बघूनही पटत नाही. दुसऱ्या फेरीत दुकानदाराला तुमच्यासमोर खाणं टाकायला सांगा. त्याने टाळाटाळ केली तर समजून जा. आणि कुणी समुद्रघोडा पुढे केला तर बोलणंच नको, त्याच्या विक्रीला कायद्याने बंदी आहे.

तुमच्या टाकीला तिसरा सोबती हवाच असेल तर फायरफिश बघा. साडेतीन इंचांच्या आत राहतो, क्लाउनफिशनी फार दमदाटी केली नाही तर जमतं. फक्त टाकीला जाळीचं झाकण लावा. तो उड्या मारतो. माझा एक, सकाळी केर काढताना कपाटाखाली सापडला होता.