वहीतला निबंध हस्तलिखितात जाताना

प्रश्न : ताई, मी हर्णैजवळच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवते. ‘आमच्या घरातला एक दिवस’ असा निबंध दिला होता. एका मुलीनं लिहिलं, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बाबा घरीच असतात, दारू पितात, आणि आई मंगळसूत्र तांदळाच्या डब्यात लपवते. इतकं सरळ वर्गात कुणी लिहिलं नव्हतं. शाळेच्या हस्तलिखितात घ्यायचं मनात आहे. तिला विचारलं तर लगेच ‘चालेल बाई’ म्हणाली. नाव बदलून घेऊ ना?
– एक शिक्षिका, दापोली तालुका

उत्तर : इतक्यात नको. आधी पोरीला बाजूला घेऊन घरी मारहाण होते का, ते विचारा. हस्तलिखित नंतर.

ती ‘चालेल’ म्हणाली ते तुम्हाला. निबंधाचं कौतुक झाल्या झाल्या नववीतली मुलगी बाईंना नाही म्हणेल होय? गॅदरिंगला हस्तलिखित टेबलावर मांडतात तेव्हा कोण कोण चाळतं, पुढं धाकट्या भावाच्या हातात ते पडू शकतं, कुणी फोटो काढून वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर तो मागे घेता येत नाही, हे तिला ठाऊक आहे का? सांगा, आणि दोन-चार दिवस जाऊ द्या. मग एकटीला विचारा. बांधणीला जाईपर्यंत मन बदललं तरी चालेल, हेही तुम्हीच आधी सांगायचं.

नाव बदलायचं म्हणता, पण बंदरावर नावाची गरज कुणाला? नववीतली मुलगी, बाप खलाशी, एवढ्यावर लिलावाला टोपली घेऊन आलेल्या बायका घर दाखवतील. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांबाबत २०१२ चा पॉक्सो कायदा माध्यमांना नावाबरोबर पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजारपाजार उघड करायलाही मनाई करतो. तुमची गोष्ट त्यातली नाही, पण ओळख कशाकशातून पटते ते त्या यादीत नेमकं आलंय.

आणि डबा आईचा आहे, बाई. हस्तलिखित बाबांनी पाहिलं तर ती मंगळसूत्र कुठे ठेवील? तेव्हा आईचीही परवानगी हवी. मात्र वही घेऊन थेट घरी जाऊ नका. आईशी बोलू का, हे आधी मुलीला विचारा.

पुढचा असा निबंध देताना पानावर ‘फक्त बाईंसाठी’ लिहायची मुभा द्या. पण ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पोलिसांना कळवणं पॉक्सोनं बंधनकारक आहे. मुलांना ते लिहिण्याआधी माहीत हवं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबरही फळ्यावर लिहा.

नाही म्हणायची सवय खेळातून लागते. जोड्या करा, विहिरीत चप्पल पडल्यासारखी साधी गोष्ट एकानं सांगावी. दुसऱ्यानं विचारावं, ‘ही मी वर्गात सांगू?’ पहिला म्हणेल ‘नको’ किंवा ‘चपलेपर्यंतच सांग’. त्यावर फक्त ‘बरं’ म्हणायचं, ‘का रे?’ नाही. मुलांना हे ‘बरं’च जड जातं. शिक्षकांनाही.

ती नको म्हणाली तर मनवू नका. बंदीत ओढून ठेवलेल्या होड्यांवर लिहायला सांगा, तेच हस्तलिखितात घ्या. हात चांगला आहे पोरीचा.